पार्बताबाईच्या कमरेचा पट्टा

आमच्या फॉर्मच्या शेवटी एक चौकोन असतो, ‘इतर निरीक्षणे’. चौकोन केवढा, तर पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यात माणसानं लिहावं तरी काय? पेशंट चाचणी अर्धवट सोडून घरी जाऊन झोपला, हे लिहावं? की पेशंटच्या नातेवाइकाला बघून मशीन बिघडलं, हे लिहावं? म्हणून मी तिथं ‘काही नाही’ असं लिहीत गेले आणि जे होतं ते सगळं डोक्यात साठत गेलं. आता हाल असे आहेत की गोंदियात कुणाच्या लग्नाला गेले, की पंगतीत लोक मला ओढून बसवतात. म्हणतात, मॅडम, तो पट्ट्याचा किस्सा सांगा ना. मी विचारते, कोणता? तिथंच भात थंड होतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वभावानं तापट आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. एका संस्थेनं मला एका प्रोजेक्टवर घेतलं होतं. म्हातारी माणसं पडतात, खुब्याचं हाड मोडतं आणि मग खाट धरतात, तर कोण पडणार हे पडायच्या आधीच ओळखायचं. कमरेला एक पट्टा बांधायचा. पट्ट्यात सेन्सर. माणूस पाऊल किती उचलतो, वळताना झोक जातो का, सगळं तो लॅपटॉपला कळवतो. मग लॅपटॉपवर दिवा लागतो. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे हा माणूस पडणार.

टीममध्ये आम्ही तिघं. मी, पुण्याहून आलेला इंजिनिअर सौरभ आणि गावची आशा वर्कर मीराताई. गाव चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर धान पिकवणारं. नाव सांगत नाही, कारण ते लोक मला अजून घरचा तांदूळ पाठवतात.

*

चाचणी सोपी असते. खुर्चीवर बसायचं, उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. सौरभनं शाळेच्या व्हरांड्यात जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवली आणि पहिल्या पेशंटला, दसारामजींना, पट्टा बांधला. वय पंच्याहत्तरच्या पुढं. मी त्यांना समजावलं, की बाबाजी, घाबरायचं नाही, रोज चालता तसंच चाला.

दसारामजी उठले आणि चालायला लागले. पट्टी आली, पट्टी गेली. व्हरांडा संपला. पायरी उतरले, शाळेचं फाटक उघडलं, फाटक नीट लावून घेतलं आणि निघून गेले. सौरभ लॅपटॉप हातात धरून त्यांच्या मागं पळतोय, कारण फार लांब गेलं की सिग्नल तुटतो. आम्ही बाकीचे पेशंट घेऊन बसलो.

तासाभरानं मीराताई त्यांच्या घरी गेली. बाबाजी भात खाऊन, बैलांना पाणी पाजून झोपले होते. पट्टा कमरेलाच. शेजारी ओट्यावर सौरभ बसलेला, घामानं ओला. तिनं विचारलं, बाबाजी, असे काऊन निघून आले? तर म्हणाले, “मॅडमच म्हने ना, रोज चालतो तसा चाल. मी रोज घरीच येतो.”

रिपोर्ट मात्र हिरवा आला.

*

आता पार्बताबाई. खरं सांगायचं तर पुढचं सगळं तिचंच आहे.

वय बहात्तर. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. घरात एकटी, दोन बांध्या, म्हणजे धानाची दोन खाचरं, आणि गावातल्या रोवणाऱ्या बायकांची ती म्होरकी. रोवणा म्हणजे धानाची रोपं चिखलात लावायची. कोणाच्या बांधीत कधी रोवणा लागणार हे ती ठरवायची. तिचा एकुलता एक मुलगा विलास नागपूरला नोकरीला. त्याचं म्हणणं एकच, आईनं आता एकटं राहू नये, नागपूरला फ्लॅटवर यावं. मुलगा वाईट नव्हता हो. जीव होता त्याचा आईवर, म्हणूनच मागं लागला होता. त्यानंच फोन करून तिला आमच्या शिबिरात पाठवलं. लाल दिवा आला, की आईला घेऊन जायचं, असं त्याचं ठरलेलं.

पार्बताबाईनं मला आल्या आल्या सांगितलं, की मॅडम, मी जन्मात एकदाच पडली, अन् ते पन विलासच्या बाथरूममधी, नागपूरले. मग म्हणाली, “तिसऱ्या माळ्यावर बसून मी काय करू? खालची मानसं मोजू का?” मी हसले, पण ती हसली नाही. मला तेव्हाच कळलं की ही बाई आमच्या दिव्याला खरोखर घाबरून आहे.

पट्टा बांधला. खुर्ची दाखवली. बसेचना! उभीच. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. शेवटी टेकल्यासारखं केलं, लगेच उठली, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि भिंतीला चिकटून, इतकी इतकी पावलं टाकत, तिरकी तिरकी चालत गेली. वळताना तर पाठ वळू नये म्हणून खेकड्यासारखी आडवी फिरली. दिवा लाल. लाल म्हणजे भडक लाल.

सौरभ म्हणाला, मॅडम, अशी चाल मी कधीच पाहिली नाही, यांना मेंदूचा काही त्रास असावा. मीराताई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, की मॅडम, तिकडं बाकावर कोण बसून राहिलं ते पाहा. बाकावर पार्बताबाईचे भासरे बसले होते, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. वय पंच्याऐंशी. त्यांना नीट दिसतही नव्हतं. पण भासऱ्यासमोर खुर्चीवर बसायचं नाही, समोरून जायचं नाही आणि पाठ दाखवायची नाही, हे पार्बताबाई पन्नास वर्षं पाळत आली होती.

भासऱ्यांना आम्ही चहाला पाठवलं. पार्बताबाई तीच पट्टी टकाटका चालली, पदर खोचून. दिवा हिरवा. आमच्या यंत्रानं भासरा मोजला होता.

पण तोवर पहिला रिपोर्ट आपोआप विलासच्या फोनवर गेला होता.

*

विलास म्हणाला, एक लाल आणि एक हिरवा असं कसं चालेल, पुन्हा घ्या. पुन्हा घ्यायला आम्ही आठ दिवसांनी तिच्या घरी गेलो. या वेळी भासरे नव्हते, पण दिवा पिवळा. थोडी झुलत होती. मी विचारलं, आजी, काय झालं? म्हणाली, तुमी मोकळ्या डोक्यानं चालवता, मले तशी सवय नाही.

आणि ती गेली, घरामागची सरपणाची मोळी उचलून डोक्यावर ठेवली आणि हात सोडून चालायला लागली. काय चाल होती! मान ताठ, कंबर स्थिर, पावलं एकसारखी. सौरभ तोंड उघडं टाकून स्क्रीन बघत होता. हिरवा.

आता फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, ‘पेशंट चालताना आधाराचे साधन वापरतो का?’ पर्याय होते काठी, वॉकर आणि इतर. आम्ही इमानदारीनं ‘इतर’वर खूण केली आणि पुढं लिहिलं, मोळी.

चार दिवसांनी मुख्य ऑफिसातून पत्र आलं. या उपकरणाचा परिणाम उत्साहवर्धक दिसतो, दुसऱ्या केंद्रांसाठी मागवता येईल का, आणि सोबत चार्जर मिळतो का?

*

विलासचं समाधान मोळीनं होणार नव्हतं. तो म्हणाला, चाचणीच्या दिवशी कोणीही नीट चालेल, मला रोजचं कळायला पाहिजे. म्हणून पट्टा पार्बताबाईच्या कमरेला कायमचा दिला, फक्त आंघोळीला काढायचा. ती पडली, तर विलासच्या, सौरभच्या आणि माझ्या फोनवर मेसेज येणार.

मीराताईचा फोन स्पीकरवर ठेवून आमच्या सगळ्यांसमोर विलासनं अट घातली. पडल्याचा एक जरी मेसेज आला, तर घराला कुलूप आणि नागपूर. पार्बताबाईनं कमरेचा पट्टा हातानं चाचपला. मग म्हणाली, बरं, हा माया शब्द होय. तिचा चेहरा पाहून मला विलासला चार शब्द सुनवावेसे वाटले, पण तो मुलगा, मी कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मेसेज. ‘पार्बताबाई पडल्या आहेत.’ सव्वाआठला मेसेज. पावणेनऊला मेसेज. विलासनं गल्लीतल्या सगळ्यांना फोन केले. सगळी गल्ली धावत गेली. पाहतात तर पार्बताबाई अंगणात पाट्यावर मिरची वाटत बसलेली.

झालं काय, की पुण्याच्या लॅबमध्ये माणसं खुर्चीवर बसतात, सोफ्यावर बसतात. जमिनीवर कोणी बसत नाही. इथं पार्बताबाई उभ्याउभ्या जी खाली बसायची, ती सरळ जमिनीवर. मशीनला वाटे, गेली.

सौरभ म्हणाला, दुरुस्तीला तीन दिवस लागतील. आणि इथं मात्र मला आजही वाईट वाटतं. तीन दिवसांनी आम्ही गेलो, तर पार्बताबाईचे पाय सुजलेले. मीराताईनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, की बाई तीन दिवस खाली बसलीच नव्हती. जेवली उभ्यानं, भांडी घासली वाकून, दुपारी भिंतीला टेकून डुलकी काढली. खाटेवर तेवढं हळूच, धरून धरून बसायची. का, तर मेसेज गेला की नागपूर. पडू नये म्हणून दिलेल्या पट्ट्यानं ती आता पडायच्या बेतात आली होती.

मी सौरभला अंगणातच झापलं. माझे डोळे भरून आले होते, म्हणून जास्तच झापलं. तो बिचारा स्वतःच्या कमरेला पट्टा बांधून अंगणात दिवसभर खाली बस, उठ, खाली बस, उठ करत राहिला. संध्याकाळी मशीन शिकलं. तोवर सौरभला उठता येईना, त्याला पार्बताबाईनं हात धरून उठवलं.

विलासला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, मागचे मेसेज मी धरत नाही. पण आता मशीन खरं बोलतं ना? मग यापुढं जो येईल तो खरा.

*

मग रोवणा लागला. धान लावताना बायका ओळीनं वाकतात आणि लावत लावत मागं सरकतात. पुढं चाललं तर आपणच लावलेलं आपण तुडवू. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

मुख्य ऑफिसला नव्हतं. तिथून सौरभला फोन आला, की पेशंट रोज सहा सहा तास उलटी चालते, पट्टा उलटा बांधला आहे, तो फिरवून बांधा. सौरभनं समजावलं. ते म्हणाले, आधी फिरवा, मग बोला.

फिरवला. आता बांधीतली पार्बताबाई सरळ चालायला लागली आणि बाकी वेळ उलटी. ऑफिसातून पुन्हा फोन. आवाज घाबरलेला. म्हणे, पेशंटची प्रकृती झपाट्यानं ढासळत आहे, आज ती किराणा दुकानापर्यंत उलटी चालत गेली आणि उलटीच परत आली, तिथं कुणी डॉक्टर आहे की नाही?

मी फोन घेतला आणि सांगितलं, की डॉक्टर आहे, तीच बोलते आहे, आणि तिची प्रकृतीही आता ढासळत आहे. त्यानंतर पट्टा पुन्हा आधीसारखा बांधला आणि ऑफिसानं तो विषय काढला नाही.

*

रोवण्याचे पंधरा दिवस गेले. एकही मेसेज नाही. आम्ही खूश, पार्बताबाई खूश. विलास खूश नव्हता. त्याला शंका आली. बहात्तर वर्षांची बाई दिवसभर चिखलात, आणि एकदाही पडत नाही? नक्की पट्टा बंद आहे, नाहीतर आईनं काढून खुंटीला लावला आहे. एका रविवारी तो स्वतःच आला. येताना एक रिकामी बॅग घेऊन आला, आईचे कपडे भरायला. ती बॅग मीराताईनं पाहिली आणि मला फोन केला. मी सौरभला घेऊन गाडी काढली. भांडायचं ठरवूनच गेले होते.

आम्ही पोहोचलो तेव्हा बांधीत दहा-बारा बायका ओळीनं वाकलेल्या. मध्ये पार्बताबाई, गुडघाभर चिखलात. विलास धुऱ्यावर उभा. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध, एक पाऊल मावेल एवढा. त्याच्या पायात ऑफिसचे बूट. तो म्हणत होता, आई, पट्टा दाखव. ती म्हणत होती, कमरेलेच आहे बाप्पा, कायले दाखवू? शेवटी तिनं हात धुतले, पट्टा सोडला आणि त्याच्याकडं दिला.

विलासनं पट्टा उलटापालटा करून पाहिला. बारीक दिवा लुकलुकत होता. त्याला खात्री वाटेना. सौरभ म्हणाला, सर, कमरेला बांधल्यावरच तो नीट चालू होतो. म्हणून विलासनं तो स्वतःच्या शर्टावर बांधला, दिवा पाहायला मान खाली घातली आणि त्या धुऱ्यावर दोन पावलं टाकली.

तिसरं पाऊल धुऱ्यावर पडलंच नाही.

असा आडवा गेला, की दोन ओळी धान त्याच्याखाली. चिखल थेट कानापर्यंत. बायका जागच्या जागी सरळ झाल्या. कोणी हसलं नाही, आधी घाबरल्या. पार्बताबाई मात्र चिखलातून सरसर गेली, त्याच्या काखेत हात घातला आणि त्याला बसता केला. हातपाय दाबून पाहिले. डोकं चाचपलं. लागलं काही नव्हतं. तो चष्मा शोधत होता, तो तिनं चिखलातून काढला, पदराला पुसला आणि त्याच्या नाकावर ठेवला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सौरभचाही वाजला. विलासच्या खिशात, चिखलाच्या आत, काहीतरी थरथरलं. आणि मी, इतक्या दिवसांच्या सवयीनं, मेसेज मोठ्यानं वाचला. “पार्बताबाई पडल्या आहेत. कृपया त्वरित मदत करा.”

विलासनं माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं. ती त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

“शब्द म्हंजे शब्द,” पार्बताबाई म्हणाली. “जो पडला त्यानं नागपूरले जायचं. बॅग तं तू आनलीच हायेस.”

आणि ती परत ओळीत जाऊन वाकली, विलासच्या अंगाखाली गेलेल्या दोन ओळी आधी लावून घेतल्या, आणि मागं सरकायला लागली.